कवेलू फेरायचे ते मृगाआधी

रोहिणी नक्षत्र लागलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत कवेलू फेरणाऱ्यांची वाट पाहिली जायची. मृगाचा पाऊस यायच्या आत घर फेरून व्हायलाच हवं, असा शिरस्ता होता. आता स्लॅबची, टिनाची घरं वाढली आणि फेरणारे हात कमी झाले. छताकडे लक्ष जातं ते थेट जुलैत, अंथरुणावर थेंब पडला की. मग घरातलं कुणीतरी भर पावसात शेवाळलेल्या छपरावर चढतं. घात होतो तो इथंच.

शेवाळ कवितेत देखणं दिसतं, छपरावर मात्र ते ओल धरून ठेवतं. त्यावर धूळ बसते, पालापाचोळा कुजतो आणि माती तयार होते. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं आणि त्याची मुळं भेगेत शिरतात. देशी कवेलूंत खालचे उताणे, वरचे पालथे असतात. उताण्या कवेलूत कचरा अडला की पाणी बाजूनं उतरतं आणि खालचे फाटे, वासे कुजवतं. स्लॅबचंही तसंच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नुसता दहा मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे ९३० लिटर पाणी होतं. पन्हाळीचं तोंड तुंबलं तर ते जाणार कुठं?

म्हणून साफसफाई उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी आणि छत कोरडं असताना करावी. शिडी सपाट जमिनीवर टेकवावी, खाली एकानं धरून उभं राहावं. विजेची तार जवळ असेल तर लोखंडी वा अॅल्युमिनियमची शिडी लावूच नये. कवेलूंवर थेट पाय न देता वाशांवर आडवी फळी टाकावी. हातमोजे हवेतच, कारण कवेलूंखाली विंचू असतो. शेवाळ लाकडी पट्टीनं खरवडावं, तारेच्या ब्रशनं कवेलूची वरची पाठ निघते.

सिमेंटचे पत्रे दणकट दिसतात, पण माणसाच्या वजनानं अचानक फुटतात. त्यांवर चढू नये. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासलं की बारीक तंतू उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात.

गच्चीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी चालतं. त्यात संडास साफ करायचं अॅसिड मात्र कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. छताचं पाणी विहिरीत किंवा टाक्यात सोडलं असेल, तर आधी तो पाइप बाजूला वळवावा. नाकातोंडाला मास्क लावावा, वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नये. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवाऱ्याचा तोच पंप छतासाठी वापरू नये, हेही ओघानं आलंच.

पावसात छत गळू लागलंच, तर खाली घमेलं ठेवा आणि दोन-तीन दिवसांच्या उघडिपीची वाट पाहा. वर जाणारा मजूर असेल, तर त्याच्या अंगात सेफ्टी बेल्ट आणि बेल्टचा दोर पक्क्या आधाराला बांधलेला हवा. हा खर्च घरमालकानं करायचा आहे. फुटलेलं कवेलू बदलता येतं, पण वरून पडलेल्या माणसाचं घर कोण सावरणार?