बूस्टरसाठी दहा जणी मिळून जाऊ या



गेल्या आठवड्यात एका गटाच्या बैठकीत एक मावशी चिडून म्हणाल्या, "टीव्हीवर सांगतात, फुकट डोस घ्या. मी अर्धा दिवस मोडून केंद्रावर गेले, तर 'आज माणसं कमी आहेत, गुरुवारी या' म्हणून परत पाठवलं." मावशींचा राग खोटा नाही. पण असं का होतं हे कळलं, तर उपाय आपल्या गटाच्याच हातात आहे.

डोस कोणाला मिळत होता?
एप्रिल २०२२ पासून १८ ते ५९ वयाच्या लोकांना बूस्टर, म्हणजे प्रिकॉशन डोस, फक्त खाजगी दवाखान्यात मिळत होता. त्याला पावणेचारशेच्या वर रुपये लागायचे. मग १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना तो सरकारी केंद्रावर मोफत होता. दुसऱ्या डोसला सहा महिने पूर्ण झालेले लागायचे. आधीचे दोन डोस ज्या लसीचे, तीच लस घ्यायची होती. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर तीन महिने थांबावं लागायचं.

बूस्टर घेतला की कोविड होणारच नाही, असं नाही. पण दोन डोसांची ताकद महिन्यांगणिक कमी होते. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने दोन डोस घेतलेल्यांनाही गाठलं, हे आपण पाहिलं. बूस्टरमुळे आजार जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. साठीच्या पुढच्या आणि शुगर-बीपीवाल्या माणसांना त्याची जास्त गरज आहे.

परत का पाठवायचे?
कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची, उरलेली लस फेकावी लागायची. दोनच माणसं आली तर आठ डोस वाया जाणार, म्हणून नर्सताई माणसं जमायची वाट बघायच्या.

शिवाय टीम छोटी असायची. डॉक्टर तपासणार, आरोग्य सेविका टोचणार, एक जण कोविनवर नोंद करणार आणि आशाताई घरोघरी निरोप देणार. याच टीमकडे बाळांचं लसीकरण, गरोदर बायांची तपासणी आणि पावसाळ्यातला ताप-मलेरियाही असतो. घरोघरी फिरून एकेक माणूस गोळा करायला त्यांच्याकडे वेळ कुठून येणार?

गटाने काय करायचं?
आपल्या गटात दहा-बारा जणी आहेतच. म्हणजे एक कुपी आपणच संपवू शकतो!

१. पुढच्या बैठकीत दुसऱ्या डोसची तारीख बघून यादी करा. नवरा, सासू-सासरे, शेजारी यांचीही नावं घ्या.

२. यादी आशाताईंना द्या आणि दिवस-वेळ ठरवून घ्या. महापालिका हद्दीतल्या दिवाळे, करावे, घणसोलीच्या ताईंनी नागरी आरोग्य केंद्रात, पनवेल-उरणच्या ताईंनी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं.

३. जाताना आधार कार्ड आणि आधीच्या डोसला दिलेला मोबाइल नंबर न्या. नंबर बदलला असेल तर आधीच सांगा, म्हणजे नोंदीत अडत नाही.

४. डोसनंतर अर्धा तास तिथेच बसा. एक-दोन दिवस अंग दुखेल, ताप येईल. म्हणून एका घरातल्या दोघी एकाच दिवशी जाऊ नका. एक या यादीत, दुसरी पुढच्या यादीत.

५. अंथरुणावर असलेल्या माणसांची नावं वेगळी लिहून द्या. घरी येऊन लस देता येईल का, हे टीमला विचारा.

आत्ताच का?
मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला होड्या निघाल्या की कोळीवाड्यातल्या ताई पहाटेपासून बाजारात. मग गणपती, मग गौरी.  लावणीवाल्या ताईंनी आवणी आटोपली की लगेच दिवस धरावा.

त्या मावशींच्या गटाने बैठकीतच अकरा नावांची यादी केली. पहिलं नाव मावशींनी स्वतःचं लिहायला लावलं. तुमच्या गटाची यादी पुढच्या बैठकीला माझ्या हातात द्या, मी आशाताईंशी बोलते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक