इंग्लिश खाडीतली रात्रपाळी

"रात्री कशाला जाताय? दिवसा जा की!" रत्नागिरीहून आईचा फोनवर पहिला प्रश्न हाच होता. प्रश्न रास्त होता. आमच्या २९ फुटी जुन्या शिडाच्या बोटीचा वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सायकलपेक्षाही कमी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या 'नीडल्स' खडकांपासून फ्रान्समधलं शेरबुर्ग बंदर सुमारे ६० सागरी मैल. म्हणजे बारा तास. अनोळखी बंदरात अंधारात शिरण्यापेक्षा रात्र भर समुद्रात काढावी आणि उजाडल्यावर बंदर गाठावं, हेच जास्त सुरक्षित.

आईला पटेना. मग मी दिलीप दोंदे यांचं नाव काढलं. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून त्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आम्ही तर दोघं होतो! "ते नौदलातले होते गं. तुम्ही कॉम्प्युटरवाले," आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन वर्षं आम्ही शनिवार-रविवार शिकत होतो, पण दिवसाउजेडीच. जुलैतल्या एका संध्याकाळी ओहोटी धरून लिमिंग्टनहून निघालो. सातला नीडल्सचं दीपगृह मागे टाकलं. पश्चिमेचा वारा, शीड भरलेलं, इंजिन बंद. नियम ठरलेले होते. तीन तास एकाचा पहारा, तीन तास दुसऱ्याचा. लाइफ जॅकेट कायम अंगात आणि पट्ट्याने बोटीला अडकवलेलं. एक जण झोपलेला असताना दुसऱ्याने सुकाणूची जागा सोडायची नाही, कारण रात्री कोणी पाण्यात पडलं तर ते कळणारही नाही. आणि कुठलंही जहाज एका मैलाच्या आतून जाणार असं दिसलं, तर झोपलेल्याला उठवायचं. हा शेवटचा नियम मीच लिहिला होता.

या खाडीत भरतीचा प्रवाह साधारण सहा तास पूर्वेला आणि सहा तास पश्चिमेला वाहतो. बारा तासांच्या प्रवासात दोन्ही जवळजवळ फिटतात. त्यामुळे एकच दिशा धरायची आणि बोट बाजूला वाहवत गेली तरी जाऊ द्यायची. स्क्रीनवर आमची रेषा वाकडी होत होती आणि ती सरळ करण्यासाठी माझे हात शिवशिवत होते. दिसली चूक की लगेच दुरुस्त कर, ही आमची धंद्यातली सवय!

नवऱ्याला बोट लागली. दहा वाजल्यापासून त्याने कसाबसा पहारा केला आणि एक वाजता खाली जाऊन तो गाढ झोपला. आम्ही जहाजांच्या वाटेच्या मधोमध होतो. उत्तरेकडून जहाजं पश्चिमेला जातात, फ्रान्सच्या बाजूने पूर्वेला. दोनच्या सुमारास उजव्या हाताला एक लाल दिवा आणि त्याच्या वर दोन पांढरे दिवे दिसले. आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राप्रमाणे ते आमच्यापासून ०.३ मैलावरून जाणार होतं.

नियमाप्रमाणे हाक मारायला हवी होती. पण तासापूर्वी ओकून ओकून पडलेल्या माणसाला उठवायचं कसं? 'पाच मिनिटं बघू,' मी मनाशी म्हटलं. पाच मिनिटांनी दिवा मोठा झाला होता, पण जागचा हललेला नव्हता. ज्या दिव्याची दिशा बदलत नाही, तो सरळ तुमच्यावर येत असतो, हे पहिल्याच धड्यात शिकवतात. ताशी २० मैलांनी येणारं जहाज एक मैल तीन मिनिटांत कापतं. मी ओरडले, "अरे ऊठ! लवकर वर ये!"

तो आला, पट्टा अडकवला, दिव्याकडे पाहिलं. आम्ही बोट वाऱ्याच्या तोंडाला वळवली. शीड फडफडलं, बोट जवळजवळ थांबली. समोरून एक काळी भिंत सरकत गेली, मग तिचा मागचा एकच पांढरा दिवा दिसला. थोड्या वेळाने तिच्या लाटांनी आम्हाला गदागदा हलवलं.

"आधी का नाही उठवलंस?"

"तुला बरं वाटत नव्हतं."

"म्हणून तर नियम केला होता ना!"

बराच वेळ आम्ही बोललो नाही. कामावर रात्री सर्व्हर बंद पडला तर मी कुणालाही बेधडक फोन करते. इथे मात्र मायेपोटी थांबले आणि त्याच मायेने दोघांना धोक्यात घातलं. तो निर्धास्त झोपला होता, तो मी उठवीन याच भरवशावर.

चारला माझी झोपायची पाळी आली. डाव्या हाताला गातव्हील दीपगृहाचे झोत, दर १० सेकंदांना दोन, फिकट होत होते. मी खाली पडून प्रत्येक आवाज ऐकत राहिले. कधीतरी डोळा लागला आणि लगेच हाक आली. "काही नाही गं, मासेमारीची बोट आहे. लांब आहे, पण बघून घे." एरवी मी चिडले असते. त्या पहाटे मात्र त्याच्यासाठी आल्याचा चहा केला आणि मग शांत झोपले.

साडेसातला शेरबुर्गचा लांबलचक बांध ओलांडून आत शिरलो. पासपोर्टवर शिक्के घ्यायच्या आधी आईला फोन लावला. तिकडे दुपारचे बारा वाजले होते.

"झोपलात का गं रात्री?"

"हो, आळीपाळीने."

"बरं झालं. मी जागीच होते."