आयात शुल्काची दोरी

सप्टेंबर 2024 च्या मध्यावर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि 14 तारखेपासून कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून थेट साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. नवे सोयाबीन बाजारात येण्याच्या बेतात होते आणि बाजार समित्यांतले भाव 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या बरेच खाली होते. मे 2025 च्या अखेरीस, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, दुसरी अधिसूचना निघाली आणि तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर उतरले. शुल्क वाढले तेव्हा संसद बसलेली नव्हती, उतरले तेव्हाही नाही.

कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचे 265 वे कलम सांगते. मग उपसचिव किंवा अवर सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची सही असलेल्या कागदावर देशाच्या खाद्यतेलाचे गणित बदलते ते कसे?

त्यासाठी दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याला एक भलीमोठी अनुसूची जोडलेली आहे. खजुरापासून खोबरेल तेलापर्यंत प्रत्येक वस्तूपुढे शुल्काचा दर लिहिलेला असतो आणि तो संसदेने मंजूर केलेला असतो. पण बंदरात माल उतरवणारा व्यापारी अनेकदा तो दर भरतच नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातले 25 वे कलम ‘जनहितासाठी’ शुल्कातून पूर्ण किंवा अंशतः सूट द्यायची मुभा केंद्र सरकारला देते. संसदेने छत किती उंच ते ठरवले. त्याखाली सरकारने कुठेही उभे राहावे.

सप्टेंबर 2024 ची वाढ म्हणजे कायद्याच्या भाषेत करवाढ नव्हतीच. आधी दिलेली सवलत सरकारने कमी केली, एवढेच. मूळ शुल्क शून्यावर आणून ठेवले होते, ते 20 टक्के झाले. त्यात 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा सेस आणि या दोहोंवर दहा टक्क्यांचा समाजकल्याण अधिभार, की झाले साडेसत्तावीस.

छताच्या वर जायचे असेल तर मात्र सरकारला परवानगी काढावी लागते. दर कायद्याचे ‘8 अ’ कलम तातडीच्या प्रसंगी अनुसूचीतला दरच वाढवण्याची सोय करते. ती अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवायची. अधिवेशन चालू नसेल तर संसद पुन्हा भरल्यापासून सात दिवसांत. लोकसभेपुढे ती ठेवल्यापासून पंधरा दिवसांच्या आत मंजुरीचा ठराव मांडायचा. संसद ती बदलू शकते, फेटाळू शकते. मात्र मधल्या काळात वसूल झालेले शुल्क वैधच राहते, असेही कायदाच सांगतो. मर्यादा आहे, पण ती उशिरा जागी होते.

किती उशिरा, ते 2019 साली दिसले. 14 फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला. 16 तारखेला सरकारने याच कलमाखाली पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर 200 टक्के शुल्क बसवले. पाकिस्तानी मालात खारकेचा वाटा मोठा असे. सोळाव्या लोकसभेचे शेवटचे अधिवेशन 13 फेब्रुवारीलाच आटोपले होते. निवडणुका होऊन नवी लोकसभा भरली ती 17 जूनला. म्हणजे चार महिने या दराबद्दल विचारणारे लोकसभेत कोणी नव्हते.

विचारले ते व्यापाऱ्यांनी, न्यायालयात. अटारीच्या सीमेवर 16 फेब्रुवारीला काही मालाची कागदपत्रे अधिसूचना निघण्याआधीच दाखल झालेली होती. जुन्या दराने शुल्काचा हिशेबही झालेला होता. कस्टम्सने त्या मालावरही 200 टक्क्यांची मागणी केली. अधिसूचनेवरची तारीख 16 फेब्रुवारी, म्हणून दिवसभराचा सगळा माल तिच्या कक्षेत येतो, हा सरकारचा दावा. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो मानला नाही, म्हणून सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 23 सप्टेंबर 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने व्यापाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ई-राजपत्रात ही अधिसूचना रात्री 8 वाजून 46 मिनिटे 58 सेकंदांनी चढवली गेली होती; नवा दर त्या क्षणापासून, आधी नाही. लोकांना कळण्यापूर्वी कर लागू होत नाही, हे न्यायालयाने सेकंदाच्या हिशेबात सांगितले. पण 200 टक्के योग्य की अयोग्य, हा प्रश्न तिथे नव्हताच.

या साऱ्या मर्यादा दर वाढवण्यावर आहेत. दर उतरवायला सरकारला जवळपास मोकळे रान आहे, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे दुखणे नेमके तिथे आहे. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून शुल्काशिवाय येऊ लागला आणि मुदतीमागून मुदत वाढत राहिली. 30 टक्के शुल्क परतले ते नोव्हेंबर 2025 मध्ये. स्वस्त वाटाण्याचे पीठ बेसनात खपते आणि हरभऱ्याला झळ बसते, हे कोणताही डाळ मिलवाला सांगेल. तुरीची शुल्कमुक्त आयातही अशीच मुदतवाढीवर चालत आली. 2025 च्या सुरुवातीला नवी तूर आली तेव्हा अनेक बाजारांत भाव 7,550 रुपयांच्या हमीभावाच्या खाली होता. शहरातल्या गिऱ्हाइकाला डाळ परवडली पाहिजे, ही सरकारची अडचण खोटी नाही. पण गिऱ्हाईक आणि शेतकरी यांच्यातली ही निवड सभागृहात मांडलीच जात नाही.

सूट देणाऱ्या अधिसूचनाही संसदेच्या पटलावर ठेवाव्या लागतात आणि तीस दिवसांच्या मुदतीत संसद त्या रद्द करू शकते. पण पटलावर रोज इतके कागद येतात की त्यातला एक उचलून दुरुस्ती सुचवणारा खासदार विरळाच. 2021 च्या वित्त कायद्याने एक खुंटी ठोकली खरी: अटींसह दिलेली सूट, वेगळी मुदत नमूद नसेल तर, दोन वर्षांनंतर येणाऱ्या 31 मार्चला आपोआप संपते. ती वाढवायची तर नवी अधिसूचना, पुन्हा त्याच मंत्रालयाची.

संसदेच्या छतावर आणखी एक छत आहे, जागतिक व्यापार संघटनेचे. पाम तेलावर भारत तिथल्या करारानुसार 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावू शकतो. सोयाबीन तेलावर मात्र 45 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही.

निर्यातीलाही हाच साचा आहे. सीमाशुल्क दर कायद्याचे आठवे कलम निर्यात शुल्क वाढवायचा तातडीचा अधिकार देते आणि मंजुरीची अटही तीच. 2023 चे पावसाळी अधिवेशन 11 ऑगस्टला संपले. 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. संसद पुन्हा भरली ती 18 सप्टेंबरला. हे शुल्क वर्षअखेरपर्यंतच म्हणून लावले होते. त्याआधीच, 8 डिसेंबरला, सरकारने कांद्याची निर्यातच बंद केली. त्यासाठी वापरला तो परकीय व्यापाराचा कायदा, आणि त्यात अशा मंजुरीच्या ठरावाची गरजच पडत नाही.