नदी आपोआप स्वच्छ होत नाही : सांडपाणी केंद्राविषयीचे पाच गैरसमज

सांडपाणी प्रक्रिया केंद्र बहुधा गावाबाहेर, नाल्याच्या काठी असतं. तिथं नेमकं काय चालतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यामुळे खर्चाला कात्री लावायची वेळ आली की त्याच्या बाजूनं बोलायला कोणी उरत नाही. म्हणून आधी हे गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : वाहतं पाणी स्वतःच शुद्ध होतं.
वस्तुस्थिती : नदीतले जिवाणू घाण खातात हे खरं, पण त्यासाठी ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. ही प्राणवायूची मागणी ‘बीओडी’ या मापानं मोजतात. घरगुती मैलापाण्यात ती लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते. आंघोळीयोग्य नदीत मात्र 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एक लिटर मैलापाणी तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातला प्राणवायू संपवू शकतं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की मासे मरतात ते यामुळेच. शिवाय आपल्या खालच्या अंगाला असलेलं गाव तेच पाणी उचलतं. 2012 साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती.

गैरसमज २ : नद्या फक्त कारखाने बिघडवतात.
वस्तुस्थिती : कारखान्यांचा दोष आहेच, पण नद्यांत जाणाऱ्या घाणीत मोठा वाटा घराघरांतल्या सांडपाण्याचा असतो. माणशी 135 लिटर पाणीपुरवठा धरला, तर त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं. पन्नास हजार वस्तीच्या गावातून रोज 54 लाख लिटर!

गैरसमज ३ : केंद्रात औषध टाकून पाणी साफ करतात.
वस्तुस्थिती : मुख्य काम जिवाणूंचं असतं. आधी जाळीत प्लास्टिक, चिंध्या, सॅनिटरी पॅड अडकतात, मग वाळू खाली बसते. पुढं टाकीत ब्लोअरनं हवा सोडली जाते आणि तपकिरी, फेसाळ पाण्यात जिवाणू घाण खाऊन वाढतात. ऑपरेटर त्यातलं लिटरभर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवतो. गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं, तर जिवाणू धडधाकट आहेत असं समजायचं. क्लोरिन येतं ते शेवटी, रोगजंतू मारायला.

गैरसमज ४ : प्रक्रिया केलेलं पाणी एक तर पिण्याजोगं असतं, नाही तर निरुपयोगी.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. ते पिऊ नये. मात्र नीट चाललेल्या केंद्रात बीओडी 30 च्या खाली, नव्या तंत्राच्या केंद्रात 10 पर्यंत येतो. असं पाणी बागांना, बांधकामाला, उद्योगांना चालतं. नागपूरचं असं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात वापरलं जातं.

गैरसमज ५ : केंद्र बांधलं की काम झालं.
वस्तुस्थिती : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज 9,107 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. केंद्रांची क्षमता 6,890 दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया 4,242 दशलक्ष लिटरवर होत होती. याच मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले 55, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. गटारं केंद्राला जोडलेली नसतील, तर यंत्रं रिकामी राहतात. वीज गेली आणि जनरेटर नसेल, तर पंप थांबून मैला थेट नाल्यात जातो. हवा फार वेळ बंद राहिली तर जिवाणू मरतात आणि ते पुन्हा वाढायला कित्येक दिवस लागतात.

म्हणून आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न जरूर विचारा : गावातलं किती सांडपाणी केंद्रात पोहोचतं? ब्लोअर चोवीस तास चालतात का? बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? आणि पॅड, कपडा, वापरलेलं तेल संडासात किंवा मोरीत टाकू नका. नदी वाचते ती या रोजच्या कामानं. केंद्राच्या उद्घाटनानं नव्हे.