इंग्रजी लेखनातील विरामचिन्हे आणि मराठी विद्यार्थी

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळे इतिहासास परिचित आहे. त्या काळचा दरबारी पत्रव्यवहार मोडी लिपीत होई. लेखक प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी व तिच्याखाली अक्षरास अक्षर जोडीत जाई. शब्दांमध्ये नियमाने जागा सोडण्याची रीत नव्हती. स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादी चिन्हेही नव्हती. तरीही वाचणाऱ्यास अर्थ लागे. मराठी वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद येते व नामांचा संबंध विभक्तिप्रत्यय सांगतात. वाक्य कोठे संपले व कोणती वस्तू कोणाची, हे शब्दच बोलून दाखवितात.

पुढे छापखाने आले व मराठी गद्यात इंग्रजी चिन्हे रूढ होऊ लागली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात साहाय्य करणारे मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अशा रीतीने दोन्ही भाषांतील चिन्हांची आकृती एक झाली; परंतु त्यांच्यावरील भार एक झाला नाही. मराठीत जे काम प्रत्यय व अव्यये करतात, त्यातील बरेचसे इंग्रजीत चिन्हाकडे असते. मराठी विद्यार्थ्याच्या पुष्कळशा चुकांचे मूळ येथे आहे.

पहिले उदाहरण षष्ठीचे घेऊ. ‘मुलाच्या वह्या’ व ‘मुलांच्या वह्या’ यांतील भेद मराठीत कानाला कळतो. इंग्रजीत दोहोंचा उच्चार ‘बॉइज नोटबुक्स’ असाच होतो. मुलगा एक असल्यास ॲपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी व अनेक असल्यास ‘एस’नंतर येते. भेद केवळ डोळ्यांना दिसतो. म्हणून तो ऐकवून शिकविता येत नाही, फळ्यावर लिहूनच दाखवावा लागतो. ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये मात्र हे चिन्ह नसते. चिन्हासह लिहिलेले ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ अथवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप होय. शास्त्रीय लेखनात असे संक्षेप सहसा टाळतात, हे ध्यानात ठेवले तरी निम्मा घोटाळा मिटतो.

दुसरे उदाहरण वाक्ये जोडण्याचे. ‘पाऊस आला, शाळा सुटली’ हे मराठीत खटकत नाही. इंग्रजी निबंधात मात्र दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे दोष मानतात. तेथे पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा, अथवा स्वल्पविरामापुढे ‘अँड’, ‘बट’ यांसारखे उभयान्वयी अव्यय घालावे. ‘हाउएव्हर’ हा शब्द अर्थाने ‘बट’सारखा भासतो, पण वाक्ये जोडण्याचा अधिकार त्यास नाही. दुसरे वाक्य त्याने सुरू होत असेल, तर त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम व त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा.

तिसरे उदाहरण विंचूरच्या मुलांना सहज पटेल, कारण तेथे कांद्याचा बाजार भरतो. ‘द अनियन्स, विच वेअर वेट, वेअर नॉट सोल्ड’ असे दोन स्वल्पविरामांसह लिहिल्यास अर्थ होतो: सगळाच कांदा ओला होता व त्यातील काहीच विकले गेले नाही. तेच स्वल्पविराम काढले, की अर्थ होतो: जो कांदा ओला होता तेवढाच राहिला, बाकीचा विकला गेला. मराठीत हा भेद ‘जो–तो’ ही जोडी स्पष्ट करते. इंग्रजीत तो दोन बारीक चिन्हांवर उभा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक संबंध हंगामाचा आहे. प्रयोगाच्या अहवालात निष्कर्ष सर्व नमुन्यांना लागू की काहींनाच, हेही असेच ठरते.

उलट, मराठीत ‘तो म्हणाला की,’ असे लिहिण्याची सवय असल्यामुळे मुले इंग्रजीतील ‘दॅट’नंतरही स्वल्पविराम देतात. तेथे तो नको.

राज्यात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे या सवयी प्राथमिक शाळेतच लागतात. ‘श्वास घ्यावयाचा तेथे स्वल्पविराम’ हा नियम वाचनापुरता ठीक आहे, पण लेखनात तो फसवितो. त्याऐवजी शिक्षकांनी चिन्हे गाळून एक लहान उतारा फळ्यावर लिहावा व तीन प्रश्न विचारावेत: येथे पूर्ण वाक्ये किती? वस्तू एकाची की अनेकांची? सांगितलेली गोष्ट सर्वांविषयी की काहींविषयी? उत्तर मिळाल्यावरच मुलाच्या हाती खडू द्यावा. चिन्ह कोठे द्यावयाचे हे त्याला मग सांगावे लागणार नाही.