आधी मोजली ती विश्रांती

मनगटी घड्याळांनी हृदयाच्या ठोक्यांचे पाच झोन, म्हणजे हलक्यापासून कडकापर्यंतचे टप्पे, घरोघरी पोचवले. पण नाडीवरून धावण्याचा सराव ठरवायची कल्पना १९३०च्या दशकातल्या जर्मनीतली आहे. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी ती बसवली. छोट्या अंतराच्या जोरदार धावेत ठोके मिनिटाला १८०च्या आसपास चढू द्यायचे, मग नाडी १२०वर उतरेपर्यंत वाट पाहायची. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर धाव झेपण्यापलीकडची झाली असं समजायचं आणि आवरतं घ्यायचं. हृदय घडतं ते या मधल्या विसाव्यात, अशी दोघांची धारणा होती. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १५ जुलै १९३९ला मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. आधीचा जागतिक विक्रम त्याने जवळजवळ दोन सेकंदांनी मागे टाकला. हार्बिग १९४४मध्ये युद्धात मारला गेला, विक्रम मात्र १९५५पर्यंत टिकला.

मला या साऱ्यात विक्रमाहून मोलाची वाटते ती थांबण्याची अट. नाडीला पहिल्यांदा विचारलं गेलं ते ‘आता पुरे का?’ एवढंच.

युद्धानंतर जर्मनीतच डॉक्टर अर्न्स्ट फान आकेन यांनी वेगळा सूर लावला. ठोके १३०च्या आसपास ठेवून दूरवर, सावकाश धावा, असं ते सांगत. तिकडे न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड आपल्या मध्यम पल्ल्याच्या धावकांनाही आठवड्याला शंभर मैल पळवत होता. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या दोघांनी एकाच दुपारी सुवर्णपदकं मिळवली.

आकड्यांचा घोळ सुरू झाला तो सूत्रांपासून. १९५७मध्ये फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेनने विश्रांतीतले ठोके हिशेबात घेतले. कमाल ठोक्यांतून ते वजा करायचे, उरलेल्याचा टक्का काढायचा आणि ते पुन्हा मिळवायचे. पुढे १९७१मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून कमाल ठोक्यांसाठी ‘२२० वजा वय’ पसरलं. आधीच्या काही अभ्यासांच्या आकड्यांतून ओढलेली ती ढोबळ रेघ होती, पण व्यायामशाळांच्या भिंतींवर ती नियम बनून बसली. २००१मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारित सूत्र दिलं. तीही सरासरीच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज निघतो.

चाळीस वर्षांच्या धावकाचंच पाहा. दोन्ही सूत्रांनी त्याचे कमाल ठोके १८० येतात. विश्रांतीतले ६० धरू. झोन टू म्हणजे ६० ते ७० टक्के, असं म्हटलं तर सरळ टक्क्यांनी १०८ ते १२६ होतात. कार्व्होनेनच्या रीतीने १३२ ते १४४. एका हिशेबात चालण्याची पाळी येईल, दुसऱ्यात गप्पा मारत मजेत धावता येईल. म्हणून कोणी ‘झोन टूमध्येच धाव’ म्हणालं, की कुठल्या हिशेबाने, हे विचारायलाच हवं. मी तर एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनी कसोटी घड्याळाच्या आकड्याआधी लावायला सांगेन.

मोजणं सोपं झालं तेही फिनलंडमुळे. औलू विद्यापीठातले सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७मध्ये पोलर कंपनी काढली. छातीचा पट्टा आणि मनगटावरचं बिनतारी यंत्र १९८०च्या दशकात स्कीपटूंकडून धावकांकडे आलं. धावता धावता नाडी दिसू लागली ती तेव्हापासून. नॉर्वेत स्थायिक झालेले अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी पुढे अव्वल स्कीपटू, नौकापटू आणि धावकांचा सराव तपासला. साधारण ८० टक्के सत्रं हलकी आणि थोडीच खरोखर कडक, असा नमुना त्यांना पुन्हा पुन्हा आढळला. त्यांचे झोन तीनच. त्यांच्या सीमा ठरतात त्या वयावरून नव्हे, तर श्वास आणि रक्तातलं लॅक्टेट कुठे वळण घेतात त्यावरून.

आपल्याकडे हौशी धावण्याची लाट उसळली ती २००४च्या पहिल्या मुंबई मॅरेथॉननंतर. मनगटावर हिरव्या प्रकाशाने नाडी वाचणारी घड्याळं पुढच्या दशकात आली. त्वचेवर सैल बसलेलं घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लयच मोजतं, म्हणून कडक सत्राला छातीचा पट्टा बरा. आणि आपली हवा कुठलंच सूत्र हिशेबात धरत नाही. मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, रक्त त्वचेकडे वळतं, घामाने त्यातलं पाणी घटतं. दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि त्याच वेगाला ठोके चढत जातात. मे महिन्यात मरीन ड्राइव्हवर जानेवारीचा वेग आणि जानेवारीचा झोन दोन्ही एकदम मिळत नाहीत. अशा वेळी वेग सोडावा, झोन धरावा. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढतानाही हेच. ठोके आवरायला तिथे चालावं लागलं तर खुशाल चालावं.