२०११ पद्धतीचे पिस्तूल

२०११ पद्धतीचे पिस्तूल हा अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा एक प्रकार आहे. अमेरिकन एम१९११ पिस्तुलाची यंत्रणा आणि काडतुसे दोन रांगांत साठवणारे रुंद मॅगझिन यांच्या संयोगातून तो निर्माण झाला. नावातील आकडा निर्मितीचे वर्ष दर्शवीत नाही. एकविसाव्या शतकातील '१९११' अशा अर्थाने तो योजलेला आहे. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत प्रचलित आहे. त्याची किंमत साध्या पोलिमर पिस्तुलाच्या साधारण चौपट असते. त्यामुळे अधिक किमतीच्या मोबदल्यात वापरणाऱ्याला नेमके काय मिळते, हा या पिस्तुलांविषयीचा प्रमुख प्रश्न आहे.

रचना

पिस्तुलाचे मॅगझिन मुठीत बसते. एकेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात. दुहेरी रांगेत ती आळीपाळीने डावी-उजवीकडे सरकलेली असतात. त्यामुळे जवळपास तेवढ्याच उंचीत अधिक काडतुसे मावतात, परंतु मूठ जाड होते. बहुतेक दुहेरी मॅगझिने वरच्या टोकाला निमुळती असतात आणि दोन रांगांची तेथे एक रांग होते. हा निमुळता भाग व त्याच्या वरच्या कडा अचूक आकाराच्या नसतील, तर काडतूस अडकते. म्हणून पिस्तुलाचा भरवसा बऱ्याच अंशी मॅगझिनवर अवलंबून असतो.

२०११ पद्धतीत सांगाडा दोन भागांचा असतो. वरचा भाग धातूचा असून त्यावर स्लाइड सरकते, तर मूठ व चापाभोवतीचे कडे यांचा खालचा भाग वेगळा, बहुधा पोलिमरचा असतो. पोलिमरची भिंत पातळ ठेवता येत असल्याने रुंद मॅगझिन असूनही मूठ हाताच्या आवाक्यात राहते. चापाची यंत्रणा एम१९११ प्रमाणेच एकल-क्रिया प्रकारची आहे. म्हणजे हॅमर आधीच मागे ओढलेला असतो आणि चाप केवळ तो सोडण्याचे काम करतो. चाप बिजागरीभोवती न फिरता सरळ मागे सरकतो.

इतिहास

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले एम१९११ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. त्याच्या एकेरी मॅगझिनमध्ये .४५ व्यासाची ७ काडतुसे मावत. दुहेरी रांगेच्या मॅगझिनला सैनिकी पिस्तुलांमध्ये मान्यता मिळवून देण्याचे श्रेय बेल्जियममधील एफएन कारखान्याचे अभिकल्पक द्यूदोने सॅव्ह यांना दिले जाते. ब्राउनिंग यांचे १९२६ मध्ये निधन झाल्यानंतर सॅव्ह यांनी त्यांचे अपूर्ण काम पुढे नेले. त्यातून १९३५ मध्ये ९ मिलिमीटरची १३ काडतुसे सामावणारे ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल सिद्ध झाले.

१९८० च्या दशकात दुहेरी रांग हा सर्वसाधारण संकेत बनला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये १७ काडतुसांचे ग्लॉक १७ स्वीकारले, तर अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये एम१९११ च्या जागी १५ काडतुसांचे बेरेटा एम९ निवडले. पोलिमरचा सांगाडा आणि चाळिसांहून कमी सुटे भाग असलेले ग्लॉक हे पुढे साध्या, स्वस्त व भरवशाच्या पिस्तुलाचे प्रमाणरूप ठरले.

एम१९११ च्या चापाची सवय असलेल्या स्पर्धकांना मात्र तो चाप आणि मोठी काडतूसक्षमता या दोन्ही गोष्टी हव्या होत्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी व्हर्जिल ट्रिप व सँडी स्ट्रेयर यांनी दोन भागांच्या सांगाड्याची रचना विकसित केली आणि टेक्सासमधील एसटीआय कंपनीने तिचे उत्पादन केले. या कंपनीने २०२० मध्ये स्टॅकाटो हे नाव धारण केले. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेच्या मार्शल सेवेच्या विशेष मोहीम गटाने तिचे पिस्तूल निवडल्यामुळे, स्पर्धेपुरता मर्यादित असलेला हा प्रकार पोलिसी वापरातही आला.

साध्या पिस्तुलाशी तुलना

चाप: ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलाचा चाप ओढण्यास सुमारे २.५ किलोग्रॅम जोर लागतो. २०११ पद्धतीत तो साधारणतः २ किलोग्रॅम किंवा त्याहून कमी असतो. स्पर्धेच्या पिस्तुलांत १ किलोग्रॅमच्या आसपासही ठेवला जातो. चापाचा प्रवासही कमी असतो. चाप ओढताना नळी हलली की नेम चुकतो. म्हणून हलका व आखूड चाप जलद नेमबाजीत उपयोगी पडतो.

धक्का: धातूच्या सांगाड्याचे वजन अधिक असल्याने गोळी सुटताना नळी कमी उसळते व दुसरा नेम लवकर धरता येतो. तेच वजन दिवसभर कमरेला बाळगताना गैरसोयीचे ठरते.

काडतूसक्षमता: एम१९११ शी तुलना करता हा लाभ मोठा आहे. ग्लॉक १७ शी तुलना करता मात्र तो जवळजवळ उरत नाही, कारण तेही दुहेरी रांगेचेच पिस्तूल आहे. अधिक किंमत काडतुसांच्या संख्येसाठी नव्हे, तर चाप, वजन व घडणीतील बारकाव्यासाठी मोजली जाते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

सुरक्षा: २०११ पद्धतीचे पिस्तूल हॅमर ओढलेला आणि अंगठ्याची सेफ्टी लावलेली अशा स्थितीत बाळगले जाते. गोळी झाडण्यापूर्वी सेफ्टी काढणे आणि नंतर ती पुन्हा लावणे, ही क्रिया अंगवळणी पडलेली असावी लागते. सराव नसेल तर ऐन वेळी सेफ्टी काढायची राहते किंवा हलक्या चापामुळे गोळी अनवधानाने सुटू शकते.

देखभाल: काटेकोर मापांत बसवलेल्या भागांना नियमित सफाई व तेल लागते. सुटे भाग बसवताना बहुधा कुशल कारागिराची आवश्यकता भासते. ग्लॉकचे भाग सहसा घासकाम न करता बदलता येतात. मॅगझिनची किंमतही ग्लॉकच्या तुलनेत दुपटीहून अधिक असते.

किमतीचा प्रश्न

अमेरिकेत ग्लॉक १७ साधारण ६०० डॉलरला, तर स्टॅकाटोचे पिस्तूल साधारण २,५०० डॉलरला मिळते. हाताने जुळवलेली स्पर्धेची पिस्तुले ५,००० डॉलरच्याही पुढे जातात. ९ मिलिमीटरच्या सरावाच्या काडतुसाला सुमारे ३० सेंट पडतात, असे धरले तर पहिल्या दोन पिस्तुलांच्या किमतीतील १,९०० डॉलरच्या फरकात ६,००० हून अधिक काडतुसांचा सराव होऊ शकतो. नवशिक्या नेमबाजाच्या कौशल्यात एवढ्या सरावाने जी भर पडते, ती उत्तम चापाने पडत नाही. ज्याचा सराव पुरेसा झालेला आहे आणि ज्याचे यशापयश सेकंदाच्या अंशांवर ठरते, त्याच्या बाबतीत हे गणित उलटते.

अशी परिस्थिती व्यावहारिक नेमबाजीत आढळते. आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाची (आयपीएससी) स्थापना १९७६ मध्ये झाली. त्याच्या स्पर्धांत गुणांना लागलेल्या वेळेने भागले जाते आणि लांब टप्प्यात ३२ पर्यंत गोळ्या झाडाव्या लागतात. ७ काडतुसांच्या मॅगझिनने असा टप्पा पुरा करण्यास चार वेळा मॅगझिन बदलावे लागते; १७ काडतुसांच्या मॅगझिनने एकदाच. त्यामुळे ओपन व स्टँडर्ड या विभागांत २०११ पद्धतीचे वर्चस्व आहे. प्रॉडक्शन विभागात मात्र एकल-क्रिया पिस्तुलांना प्रवेश नाही.

कायदाही या निवडीवर परिणाम करतो. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात नागरिकांसाठी १० हून अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनवर संघीय बंदी होती. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कसारख्या राज्यांत अशी मर्यादा पुढेही राहिली. जेथे रुंद मुठीत दहाच काडतुसे भरता येतात, तेथे दुहेरी रांगेचा मूळ लाभच नाहीसा होतो.

भारतातील स्थिती

भारतीय सैन्यात दुहेरी रांगेचे पिस्तूल फार पूर्वीपासून आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात तयार होणारे 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए' हे कॅनडातील इंग्लिस कंपनीने बनवलेल्या हाय-पॉवरवर आधारित असून त्यात १३ काडतुसे मावतात.

नागरिकांसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. सैनिकी वापराचे ९ मिलिमीटरचे काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाला २०११ पद्धतीचे पिस्तूल घेता येत नाही, परवान्यावर बहुधा.३२ बोअरची शस्त्रे मिळतात. ऑलिंपिक धर्तीच्या नेमबाजीतही काडतूसक्षमतेला महत्त्व नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरच्या पिस्तुलाने पाच-पाच गोळ्यांच्या फेऱ्या झाडल्या जातात. तेथील पिस्तुलेही महाग असतात. पण ती किंमत अचूक नळी, हाताच्या मापाची मूठ आणि निर्दोष चाप यांची असते.